जास्वंद आणि झुंबर जास्वंद: एकाच झाडाचे दोन प्रकार की दोन वेगळी झाडं?

कुंडीतली_सकाळ
नमस्कार मंडळी, बरेच दिवस मनात असलेला प्रश्न आज विचारतेच. माझ्याकडे दोन जास्वंदी आहेत, दोन्ही फांदीपासूनच लावलेल्या आणि दोन्ही देताना "लाल जास्वंद आहे" एवढंच सांगितलेलं. पहिली वर्षभरात छान फुलली, साधी पाच पाकळ्यांची लाल, ओळखीची. दुसरी मात्र दीड वर्ष नुसती वाढत राहिली, पानं लहान, फांद्या बारीक आणि सगळ्या खाली झुकलेल्या, म्हणून मला वाटलं झाड अशक्त आहे, मी तिला काठ्या बांधून बांधून सरळ केलं, खत वाढवलं, जागा दोनदा बदलली.

मग एकदाची कळी आली तर ती एका लांबलचक दोऱ्यासारख्या देठाला लोंबकळत होती. मला भीती वाटली की तुटणार, म्हणून मी मऊ सुतळीने तो देठ वरच्या फांदीला अलगद बांधला. दुसऱ्या दिवशी सकाळी फूल उमललं ते उलटं! तोंड जमिनीकडे, पाकळ्या कात्रीने झालर कापावी तशा चिरलेल्या आणि सगळ्या मागे वर वळलेल्या, आणि मधली ती लाल दांडी फुलाच्या खाली लांब लोंबतेय. एवढं सुंदर काहीतरी आपल्या कुंडीत दीड वर्ष होतं आणि आपण त्याला आजारी समजत होतो, याचं फार वाईट वाटलं.

तर प्रश्न असे की हा जास्वंदीचाच एक प्रकार आहे का वेगळंच झाड आहे? आणि वेगळं असेल तर त्याची निगा पण वेगळी घ्यायची का?

पानोपानी
अगं ही झुंबर जास्वंद! कोणी कातरी जास्वंद पण म्हणतं. सुतळी आधी सोड गं बाई, तिला लोंबायचंच असतं 😊

शेवंती_आणि_मी
मला तरी वाटतं प्रकारच असावा. माझ्याकडे जास्वंदीचे आठ-नऊ रंग आहेत, त्यात एक दुहेरी पाकळ्यांची, एक अगदी तळहाताएवढी मोठी, एकीच्या पानांवर पांढरे ठिपके, आणि सगळ्या जास्वंदीच आहेत ना? मग पाकळी चिरलेली असली म्हणून वेगळं झाड कसं म्हणायचं? गुलाबात किती आकार असतात तसंच हे.

भिंगातून
शेवंतीताई, मुद्दा चांगला काढलात, पण इथेच सगळ्यांची गल्लत होते कारण आपण सगळे पाकळीकडे बघतो. पाकळी फसवते. दुहेरी जास्वंदीत ज्या जास्तीच्या पाकळ्या दिसतात त्यातल्या बऱ्याच मुळात पुंकेसर असतात, ते चपटे होऊन पाकळीसारखे झालेले असतात, म्हणूनच अशा फुलात मधली दांडी कधी अर्धवट असते कधी जवळजवळ नसतेच. म्हणजे एकाच जातीत पाकळीचं रूप किती बदलू शकतं बघा. त्यामुळे पाकळीवरून जात ठरवायची नाही. फूल उलटं करा आणि त्याच्या मागे बघा, खरी ओळख तिथे आहे.

दोन्ही जाती एकाच कुळातल्या, एकाच प्रजातीतल्या (म्हणजे जीनस, हिबिस्कस), अगदी जवळच्या बहिणी म्हणा. नेहमीची जास्वंद म्हणजे हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस आणि ही झुंबर म्हणजे हिबिस्कस स्किझोपेटॅलस. स्किझो म्हणजे चिरलेलं, पेटॅलस म्हणजे पाकळीचं, नावातच सगळं आलं. पण मी सांगतो ते तीन ठिकाणी बघा.

पहिलं म्हणजे देठ. साध्या जास्वंदीचा देठ साधारण ३ ते ७ सेंमी, बऱ्यापैकी जाड, फूल उभं किंवा तिरकं धरून ठेवतो. झुंबरचा देठ ८ ते १४ सेंमी आणि दोऱ्यासारखा बारीक. देठावर बोट फिरवलंत तर एक बारीकसा सांधा लागेल, जणू तिथे गाठ मारलीय. साध्या जास्वंदीत हा सांधा फुलाच्या अगदी जवळ असतो, झुंबरमध्ये तो देठाच्या मध्यावर असतो. फूल गळतं ते या सांध्यापाशी. त्यामुळे खाली पडलेलं फूल उचलून बघितलं तरी कळतं, झुंबरच्या फुलाला मागे लांब शेपटी राहते.

दुसरं, आणि माझ्या मते सगळ्यात पक्कं. पाकळ्यांच्या मागे जो हिरवा कप असतो, शाळेत निदलपुंज म्हणायचो तो, त्याच्याही बाहेर साध्या जास्वंदीत सहा-सात हिरव्या टोकदार पट्ट्यांचं एक कडं असतं, प्रत्येक पट्टी जवळजवळ सेंटीमीटरभर किंवा थोडी जास्तच. याला अपिसंवर्त म्हणतात. हे कडं झुंबरमध्ये एवढं छोटं असतं, १ ते २ मिमी, की नुसत्या डोळ्याला वाटतं नाहीचे. भिंग घेतलं की पाच इवले इवले दात दिसतात.

तिसरं, तो कप स्वतः. साध्या जास्वंदीत घंटेसारखा, वर पाच नीट टोकं. झुंबरमध्ये नळीसारखा अरुंद, आणि फूल उमलताना बऱ्याचदा एका बाजूने फाटतो. फाटलेला दिसला तर किडीने खाल्लाय असं समजू नका, तो तसाच असतो.

मधली दांडी तर दिसतेच. साध्यात ४ ते ८ सेंमी, झुंबरमध्ये ९-१० सेंमी आणि पाकळ्या मागे वळल्यामुळे ती आणखीनच लांब वाटते.

ओलीमाती
हे सगळं वाचून आत्ता उठून टॉर्च घेऊन झाडापाशी जाऊन आले!! माझ्या साध्या जास्वंदीच्या मागे ते कडं आहे, सात पट्ट्या मोजल्या. पंधरा वर्षं झाड आहे घरी आणि कधी मागून बघितलंच नव्हतं. धन्यवाद भिंगातून.

कडेकडेने
एक शंका. माझ्याकडे पण लोंबणारी लाल फुलं येतात पण ती उमलतच नाहीत, नेहमी कळीसारखीच राहतात, टोकातून नुसती दांडी डोकावते. ही झुंबरचीच कमी उमलणारी जात का? झाडाला काही कमी पडतंय का?

भिंगातून
नाही हो, ती मिरची जास्वंद. ती हिबिस्कस सुद्धा नाही, मालव्हाविस्कस नावाची वेगळी प्रजाती आहे, कूळ मात्र हेच. तिची फुलं तशीच मिटलेली राहतात, झाड एकदम ठणठणीत आहे तुमचं. ओळखायला सोपी खूण सांगतो, दांडीच्या टोकाला जे गोल मखमली ठिपके असतात ते मोजा. जास्वंद आणि झुंबर दोन्हीत पाच, मिरचीत दहा.

कडेकडेने
मोजले. दहा आहेत! आत्ताच खत आणायला निघालो होतो, वाचलं झाड.

शेवंती_आणि_मी
भिंगातून, पटतंय पण पूर्ण नाही. मोजमापं वेगळी असली तरी दोघींचा संकर सहज होतो असं वाचलंय. मग संकर होत असेल आणि त्यालाही पुढे फुलं येत असतील तर दोन जाती म्हणायचंच कशाला? मी भांडायला म्हणून नाही विचारत, खरंच समजून घ्यायचंय.

जुनी_पानं
शेवंतीताई, तुमचा प्रश्न फार जुना आहे आणि तो मोठमोठ्या लोकांना पण पडला होता, म्हणून मला तो आवडला. साधी जास्वंद स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीयस याने १७५३ मध्येच नोंदवली, तिच्या नावाचा अर्थ "चीनचा गुलाब". पण झुंबर शास्त्रात आली ती त्यानंतर सव्वाशे वर्षांनी. १८७९ मध्ये लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानातल्या थिसल्टन-डायरने तिचं वर्णन केलं ते साध्या जास्वंदीचा एक प्रकार म्हणून, अगदी तुम्ही म्हणताय तसंच. आणि पुढच्याच वर्षी, १८८० मध्ये, क्यूचा संचालक जोसेफ हूकर याने कर्टिसच्या बोटॅनिकल मॅगझिनमध्ये तिला स्वतंत्र जातीचा दर्जा दिला. हूकर हा डायरचा सासरा. म्हणजे एकाच घरात, एकाच उद्यानात, एकाच झाडाकडे बघून जावयाने प्रकार म्हटलं आणि सासऱ्याने जात. आज शास्त्रीय नावापुढे दोघांचीही सही लागते, आधी कंसात डायर, मग हूकर.

मला स्वतःला हूकरचं म्हणणं पटतं आणि त्याचं कारण मोजमापापेक्षा गाव वेगळं हे आहे. झुंबर मूळची पूर्व आफ्रिकेची, केनिया, टांझानिया आणि उत्तर मोझांबिक, तिथल्या रानात ती आपली आपण वाढते. उलट साधी जास्वंद रानात आपली आपण वाढलेली कुठेच सापडत नाही, जिथे बघावं तिथे माणसाने लावलेलीच. एक रानातून आलेली आणि एक बागेतच घडलेली, त्यांना एक कसं म्हणायचं?

शेवंती_आणि_मी
हे मला माहीत नव्हतं, साधी जास्वंद रानात नाहीच हे वाचून अंगावर काटा आला. आपण जिला सगळ्यात साधी समजतो तीच अशी निघाली. बरं, हार मानते. पण संकराचं सांगा ना कोणीतरी.

कलमाची_सुरी
संकराचं मी सांगतो, हाताने केलंय.

दोघींचा संकर होतो आणि चांगला होतो. एक तर जुनाच आहे, आर्चेरी नावाचा, त्याची फुलं साधारण साध्या जास्वंदीसारखी दिसतात पण कडा किंचित कातरलेल्या आणि देठ जरा लांब. आजच्या बागेतल्या कितीतरी जास्वंदींच्या रक्तात झुंबर आहे, म्हणून तुम्हाला मधेच एखादी जास्वंद दिसते जिचं फूल थोडं खाली बघतं आणि पाकळीला नागमोडी कड असते. अशी बघितली की मला लगेच तिच्या मागे बघावंसं वाटतं.

मी केलं ते असं. आई म्हणून एकेरी पिवळी जास्वंद घेतली, कारण माझ्याकडची एकेरी लाल बोंड धरतच नाही, किती वेळा करून बघितलं. झुंबरचे परागकण घेतले. जास्वंदीच्या परागकणाची एक गंमत आहे, ते एवढे मोठे असतात की नुसत्या डोळ्याला एक एक पिवळा दाणा वेगळा दिसतो, आणि भिंगाखाली तर प्रत्येक दाण्यावर काटे, छोटी सागरगोटीची काटेरी शेंग असावी तसे. म्हणून ते उडत नाहीत, चिकटतात. सकाळी फूल पूर्ण उमलल्यावर झुंबरचं अख्खं फूल तोडलं आणि त्याची दांडी पिवळीच्या पाच मखमली ठिपक्यांवर हलकेच फिरवली, प्रत्येक ठिपक्यावर दाणे बसलेत का ते बघून. देठाला दोरा बांधला खूण म्हणून.

बारा फुलांवर केलं. नऊ तर चार-पाच दिवसात गळून गेली, सांध्यापाशी पिवळी पडून. तीन धरली, त्यातलं एक बोंड महिन्याने कोणीतरी पक्ष्याने का खारीने तोडलं. उरलेल्या दोन बोंडांत मिळून चौदा बिया निघाल्या, सहा उगवल्या, चार जगल्या. दोनच फुलल्या आहेत आतापर्यंत. एकीचं फूल आडवं धरलेलं, पाकळ्यांच्या फक्त टोकाला दाते. दुसरीचं फूल खाली बघतं, पाकळी अर्ध्यापर्यंत चिरलेली पण मागे वळत नाही, मधेच थांबल्यासारखी. अपिसंवर्त दोन्हीत बरोबर मधला, चार-पाच मिमी. दोन्ही आईबापांपुढे ठेवून बघितलं की वाटतं कोणीतरी मोजून अर्धं अर्धं वाटलंय.

कुंडीतली_सकाळ
कलमाची_सुरी दादा, तुम्ही हे लिहिलंत आणि माझ्या तिसऱ्या झाडाचं कोडं सुटलं! आज सगळी मोजमापं घेतली पट्टी घेऊन, लिहिते.

साधी लाल: देठ ५ सेंमी, सांधा फुलाजवळ, मागच्या पट्ट्या सात, प्रत्येकी सेंमीपेक्षा थोडी मोठी.
झुंबर: देठ ११ सेंमी, सांधा जवळजवळ मधोमध, पट्ट्या आधी दिसल्याच नाहीत, मग चष्म्यावर चष्मा धरून बघितलं तेव्हा पाच दात दिसले. कप एका बाजूने फाटलेला, आणि मी खरंच कीड समजून परवाच कडुनिंबाचं फवारलं होतं.

तिसरं झाड जिन्याजवळ आहे, इथे प्रश्न विचारल्यानंतर मला झुंबर म्हणूनच मिळालेलं. त्याचा देठ ७ सेंमी, पट्ट्या सहा पण जेमतेम अर्धा सेंमी, पाकळी कातरलेली आणि फूल तिरकं. म्हणजे हा संकर ना?

कलमाची_सुरी
शंभर टक्के संकर. आणि छान आहे तो, टाकू नका. संकर बऱ्याचदा दोघींपेक्षा जोमदार वाढतो.

भिंगातून
सहमत. एकट्या पाकळीवरून तुम्ही त्याला झुंबरच म्हटलं असतं, मागून बघितल्यावर कळलं.

ओलीमाती
पण मला एक सांगा, झुंबर उलटी का लोंबते? निसर्गाने काहीतरी कारणाने केलं असेल ना.

जुनी_पानं
पक्ष्यांसाठी असावी, असं मला वाटतं. लाल रंग, लोंबता लांब देठ, पाकळ्या मागे वळून वाट मोकळी झालेली आणि परागकण फुलापासून पार दहा सेंमी खाली आलेले. मध खायला छोटा सूर्यपक्षी आला की त्याच्या अंगाला दांडीचं टोक लागत असणार आणि पुढच्या फुलावर गेला की तिथे परागकण पोचत असणार. मधमाशी मात्र पाकळीच्या बुडाशी बसून मध घेऊन जाते तेव्हा दांडीच्या टोकाला तिचा स्पर्शही होत नाही, हे मी स्वतः कितीदा पाहिलंय. दांडीच्या टोकाची पाच बोटं किंचित वर वळलेली असतात ते पण नीट बघा एकदा.

पानोपानी
निगेचं राहिलंच की, मूळ प्रश्न होता तो. माझ्याकडे दोन्ही बरीच वर्षं आहेत त्यावरून सांगते.

दोघींनाही पाणी नियमित लागतं पण बुडाशी साचलेलं चालत नाही, एक दिवस कोरडं एक दिवस तुडुंब असं केलं की कळ्या गळतात. दोघींनाही कडाक्याची थंडी सोसत नाही, पारा १० अंशाखाली राहायला लागला की पानं पिवळी पडून गळायला लागतात आणि हिम पडलं तर फांद्या जळतात. दोघींनाही फुलं नव्या फुटीवर येतात, त्यामुळे छाटणीला घाबरू नका. खतात स्फुरद (फॉस्फरस) भरमसाट नको, जास्वंदीला ते मानवत नाही, पालाश (पोटॅश) लागतं. शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळं असं दिसलं तर लोह कमी पडतंय, बहुतेक पाणी जड असतं तेव्हा होतं.

फरक एवढाच आहे की साधीला ऊन भरपूर हवं, पाच-सहा तास तरी, नाहीतर फुलं कमी. झुंबर थोड्या सावलीतही चांगली फुलते, दुपारचं कडक ऊन नसलं तर उलट बरी दिसते. आणि छाटणी. साधीला चहूबाजूंनी छाटून गोल झुडूप करता येतं. झुंबरला तसं केलंत तर तिचं सगळं रूप जातं, कारण फुलं बारीक फांद्यांच्या टोकाला लोंबतात, ती टोकंच छाटली तर मग काय राहिलं? तिच्या जुन्या जाड फांद्या बुडापासून काढायच्या आणि नव्या लांब फांद्यांना मोकळं लोंबू द्यायचं. कुंडी उंचावर ठेवायची, कट्ट्यावर किंवा स्टँडवर, म्हणजे फुलाकडे खालून बघता येतं. खालून बघितल्याशिवाय झुंबर बघितली असं म्हणताच येत नाही.

आणि पिठ्या ढेकूण! दोघींचा शत्रू. झुंबरच्या बारीक फांद्यांच्या बेचक्यात तो लपतो आणि लवकर दिसत नाही, साध्या साबणाच्या पाण्याने ब्रशने धुवून काढा, दर आठवड्याला, तीन-चार वेळा.

शेवंती_आणि_मी
फांदी लावायची पद्धत पण वेगळी का? मला आता झुंबर हवीच आहे.

कलमाची_सुरी
पद्धत तीच. अगदी कोवळी नको आणि लाकडासारखी झालेलीही नको, पेन्सिलीपेक्षा थोडी बारीक, १२-१५ सेंमी, खालची पानं काढा, पेऱ्याच्या लगेच खाली तिरका काप, वाळू मिसळलेल्या मातीत दोन पेरं आत. सावलीत ठेवा. महिना-दीड महिन्यात मुळं. झुंबरची फांदी बारीक असते म्हणून लवकर सुकते, तेवढी वरून प्लॅस्टिकची पिशवी घाला. मुळं आली का बघायला उपटू नका, नवी पानं आली की समजायचं.

कुंडीतली_सकाळ
सगळ्या काठ्या काढल्या काल. फांद्या एकदम खाली आल्या, दोन तासांनी बघितलं तर झाडाने हात सैल सोडल्यासारखं वाटलं. कुंडी कट्ट्यावर ठेवली.

आज पहाटे मुद्दाम लवकर उठले कारण एक कळी आज उमलणार असं काल रात्रीच दिसत होतं, लाल पिळा हिरव्या नळीतून बाहेर आला होता आणि दांडी त्याच्याही खाली निघाली होती. खाली स्टूल घेऊन बसले. आधी पिळा सैल झाला, पाकळ्या खाली लोंबल्या, ओल्या कापडासारख्या चुरगळलेल्या. मग एक पाकळी कडेने उचलली गेली, तिची एक एक चिरी वेगळी झाली, आणि हळूहळू पाचही पाकळ्या मागे वर वळत गेल्या, एवढ्या वर की देठाला टेकतात का काय. नळी एका बाजूने फाटली ती मी डोळ्यांनी बघितली. ऊन कट्ट्यावर यायच्या आत फूल पूर्ण झालं होतं आणि दांडीच्या टोकाला ती पाच बोटं, जुनी_पानं म्हणाले तशी, वर वळलेली.

शेवंतीताई, तुमच्यासाठी दोन फांद्या आजच काढल्यात, पिशवी घालून सावलीत ठेवल्यात. नवी पानं आली की इथेच सांगते.